जेवढं सोनं, तेवढ्याच नोटा?

‘रिझर्व्ह बँक तिजोरीतल्या सोन्याइतक्याच नोटा छापते’ हे आपण शाळेपासून ऐकतो. चूक! अगदी 1934 च्या मूळ कायद्यातही सोनं आणि स्टर्लिंग रोखे (ब्रिटिश पौंडातले कर्जरोखे) मिळून नोटांच्या 40 टक्के तारण पुरे होतं. पंचवार्षिक योजनांना पैसा हवा होता, तेव्हा 1956 मध्ये हे प्रमाणच गेलं. 1957 पासून सोनं आणि परदेशी रोखे मिळून किमान 200 कोटींचा साठा लागतो, त्यात सोनं 115 कोटींचं. आजच्या लाखो कोटींच्या नोटांपुढे हे म्हणजे दर्या में खसखस. आज नोटांमागे सोन्याबरोबर मोठा हिस्सा परदेशी रोख्यांचा असतो.

मग वाट्टेल तेवढ्या छापायच्या? तसंही नाही. पैसा फार वाढला की महागाई वाढते. 2016 पासून कायद्यानेच महागाईचं लक्ष्य बांधलंय: 4 टक्के, दोन टक्के इकडेतिकडे. ते सांभाळायला सहा जणांची समिती रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) ठरवते.