वनस्पती-मत्स्यालयातला कार्बन डायऑक्साइड आणि पुण्याचे पाणी : पार्श्वभूमी

पाण्यातल्या वनस्पती आणि मासे एकमेकांच्या आधाराने काचेच्या पात्रात जगू शकतात, हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली केमिकल सोसायटीपुढे मांडले. त्यांच्या पात्रात सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती होती. कुजलेल्या पानांचा बंदोबस्त करायला गोगलगायी मागाहून आल्या. या समतोलाच्या कल्पनेवर हा छंद शंभरहून अधिक वर्षे चालला. तिचा सारा भर माशांना ऑक्सिजन मिळण्यावर होता. वनस्पतीला पुरेसा कार्बन मिळतो का, हा प्रश्न बराच काळ मागेच राहिला. वास्तविक, हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो, आणि पाण्यात तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो.

प्रखर दिवे आल्यावर ही टंचाई उघडी पडली. १९८०च्या दशकात जर्मनीतल्या छांदिष्टांनी आणि जपानमध्ये मत्स्यालय-रचनाकार ताकाशी अमानो यांनी सिलिंडरमधून हा वायू पाण्यात सोडण्याची पद्धत रुळवली. अमेरिकन लेखिका डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये मातीच्या थराचा आणि बेताच्या प्रकाशाचा पर्याय मांडला. कमी खर्चाचा म्हणून तो आजही अनेकांना पटतो, आणि त्यात गैर काही नाही.

पाण्यातला वायू मोजण्यासाठी पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे याचे माप) आणि कार्बोनेट कठीणता (पाण्यातल्या बायकार्बोनेटांचे माप), म्हणजे केएच, यांचा तक्ता वापरतात. केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम, म्हणजे योग्य तितका, वायू आहे, असे तो सांगतो. लाकडातून उतरणारी आम्ले पीएच खाली आणतात, तेव्हा हा आकडा प्रत्यक्षाहून मोठा दिसतो.

पुण्यात मात्र मूळ अडचण केएचचीच आहे. १८७९ साली बांधलेल्या खडकवासल्याच्या आणि त्याच्या वरच्या धरणांतले पाणी मुख्यतः सह्याद्रीवरच्या पावसाचे, म्हणून बरेच मृदू असते. बोअरचे पाणी बेसाल्टच्या भेगांत मुरताना कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे घेऊन येते, म्हणून त्याचा केएच जास्त असतो. पुष्कळ सोसायट्यांत दोन्ही पाणी इमारतीच्या एकाच टाकीत पडते आणि एप्रिल-मे महिन्यांत कॉर्पोरेशनचे पाणी कमी पडले की बोअरचा आणि टँकरचा वाटा वाढतो. समजा, केएच ४ धरून कंट्रोलर (पीएच पाहून वायू चालू-बंद करणारे उपकरण) ६.६ पीएचवर लावला आहे आणि पाणी बदलता बदलता केएच १२ वर गेला. कंट्रोलर पीएच ६.६ होईपर्यंत वायू सोडतच राहील, आणि तोवर वायू लिटरमागे ९० मिलिग्रॅमवर पोचलेला असेल. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतील. या पाण्यात ३० मिलिग्रॅमला पीएच ७.१च्या आसपास असायला हवा.

ड्रॉप चेकर, म्हणजे मत्स्यालयात आतून लावायची छोटी कुपी, इथे अधिक भरवशाचा ठरतो, कारण त्यात मत्स्यालयातले पाणी भरायचेच नसते. त्यात केएच ४चे तयार द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हे पीएचनुसार रंग बदलणारे द्रव्य असते, आणि मत्स्यालयातला वायू मधल्या हवेतून त्यात उतरतो: निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे योग्य, पिवळा म्हणजे जास्त. रंग बदलायला तास-दोन तास लागत असल्याने सकाळी वायू सुरू केल्याबरोबर पाहिलेला रंग आदल्या रात्रीचाच असतो.