गढवालचा जनरल: भुवनचंद्र खंडूरी यांच्या राजकारणाची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला आपल्याकडे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, कारण तिथे घरटी एक तरी माणूस फौजेत. उत्तराखंडातल्या गढवालमध्ये ही रीत अख्ख्या मुलखाची आहे. लॅन्सडाउनला गढवाल रायफल्सचं केंद्र आहे. डोंगरउतारावरची शेती पोटाला पुरत नाही, म्हणून तिथली गावं पिढ्यानपिढ्या जवानांच्या मनीऑर्डरींवर जगली. अशा ठिकाणी निवृत्त फौजीच्या शब्दाला वजन असतं. उत्तराखंडचे दोनदा मुख्यमंत्री झालेले मेजर जनरल भुवनचंद्र खंडूरी यांचं राजकारण याच मातीत रुजलं.

त्यांचा जन्म १९३४ चा, डेहराडूनचा. काँग्रेसचे मोठे नेते हेमवतीनंदन बहुगुणा हे त्यांचे मामा. तरीही खंडूरींनी आधी वर्दी निवडली. १९५४ ते १९९० अशी छत्तीस वर्षं ते सैन्याच्या इंजिनीअर्स दलात होते. निवृत्तीनंतर लगेच, १९९१ मध्ये, भाजपतर्फे गढवालमधून लोकसभेवर गेले.

देशाला त्यांचं नाव कळलं ते रस्त्यांमुळे. २००० साली वाजपेयींनी त्यांच्याकडे रस्ते वाहतूक आणि महामार्ग खातं दिलं. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोनाचं काम त्यांच्या काळात धडाक्याने पुढे गेलं. पुणे-सातारा-कोल्हापूर रस्ता चौपदरी झाला तो याच योजनेत. मुदत काही पाळली गेली नाही. आणि कामातला भ्रष्टाचार उघड करणारे तरुण अभियंते सत्येंद्र दुबे यांची २००३ मध्ये गयेत हत्या झाली, हा डागही त्या योजनेवर कायमचा आहे.

२००७ मध्ये भाजपने उत्तराखंड जिंकलं. मुख्यमंत्रिपदासाठी आमदारांचा मोठा गट भगतसिंह कोश्यारींच्या मागे होता. हेच कोश्यारी पुढे आपले राज्यपाल झाले. दिल्लीने मात्र खंडूरींना निवडलं. खासदार असलेल्या खंडूरींना आमदार व्हायचं होतं; त्यांच्यासाठी धुमाकोटची विधानसभेची जागा मोकळी केली ती चक्क काँग्रेसच्या आमदाराने, लेफ्टनंट जनरल तेजपालसिंह रावत यांनी. मग खंडूरींनी सोडलेल्या लोकसभेच्या जागेवर रावत भाजपतर्फे निवडून आले. दोन फौजींमधली ही अदलाबदल गढवालबाहेर क्वचितच घडली असती.

छावणीत हुकूम दिला की काम होतं. पक्षात आमदाराला वेळ द्यावा लागतो, बदलीची चिठ्ठी घ्यावी लागते. खंडूरींचा कडक स्वभाव लोकांना भावला, स्वपक्षीयांना जाचला. २००९ मध्ये लोकसभेच्या पाचही जागा गेल्या आणि त्यांना पद सोडावं लागलं. रमेश पोखरियाल निशंक आले. त्यांच्या सरकारवर आरोप वाढले, तेव्हा सप्टेंबर २०११ मध्ये पक्षाला पुन्हा याच जनरलची आठवण झाली.

ही दुसरी खेळी जेमतेम सहा महिन्यांची, पण माझ्या मते तीच त्यांची खरी कमाई. १ नोव्हेंबर २०११ रोजी विधानसभेने मुख्यमंत्र्यालाही कक्षेत आणणारा लोकायुक्त कायदा मंजूर केला. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे, तेही एकेकाळचे फौजीच, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. पुढच्या सरकारांनी तो कायदा प्रत्यक्षात येऊच दिला नाही, याचं वाईट वाटतं.

२०१२ मध्ये ‘खंडूरी है जरूरी’ ही घोषणा घेऊन भाजपने ७० पैकी ३१ जागा मिळवल्या. काँग्रेसच्या ३२ आल्या. खुद्द खंडूरी कोटद्वारमध्ये सुरेंद्रसिंह नेगींकडून हरले. त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झाले विजय बहुगुणा, म्हणजे त्यांचे मामेभाऊ. दहा वर्षांनी त्याच कोटद्वारात त्याच नेगींना हरवून खंडूरींची मुलगी ऋतू विधानसभेत गेली आणि राज्याच्या विधानसभेची पहिली महिला अध्यक्ष झाली.

२०१४ मध्ये खंडूरी पुन्हा लोकसभेत आले आणि संरक्षणविषयक संसदीय समितीचे अध्यक्ष झाले. मार्च २०१८ मध्ये समितीचा अहवाल आला. सैन्याची ६८ टक्के सामग्री जुनाट झाली आहे आणि दिलेला पैसा पुरत नाही, हे त्यात आकड्यांनिशी नोंदवलेलं होतं. सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अध्यक्षपद कलराज मिश्र यांच्याकडे गेलं.