परदेशी प्रदर्शनासाठी सरकारी मदत : खान्देशातल्या लघुउद्योगांच्या गटानं अर्ज कसा करायचा

जळगावच्या एमआयडीसीतले चटईवाले असोत, डाळमिलवाले असोत की दोंडाईचा-नंदुरबारकडचे मिरची व्यापारी, प्रश्न एकच असतो : माल परदेशात दाखवायला सरकार पैसे देतं का? देतं. पण अर्ज एकट्या कारखानदारानं करायचा नसतो. तो संघटनेमार्फत जातो, आणि ती संघटना अर्जाच्या आदल्या आठवड्यात काढलेली चालत नाही. आपल्याकडची प्रकरणं बहुधा इथंच अडतात.

केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य योजना’ १९९६ पासून चालू आहे. परदेशातल्या प्रदर्शनात उद्योजकांचं शिष्टमंडळ नेणं, तिथं स्टॉल घेणं, भारतात आंतरराष्ट्रीय परिषद किंवा कार्यशाळा भरवणं, यासाठी तिच्यातून मदत मिळते. विमानभाडं, स्टॉलचं भाडं असे खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत परत मिळतात. ‘परत मिळतात’ हे नीट लक्षात घ्या. आधी खिशातून घालायचं, मग मागायचं. तेवढी रक्कम काही महिने अडकली तरी धंद्याचं चाक थांबणार नाही, एवढी सोय असेल तरच पुढं जा.

अर्जदार संस्था नोंदणीकृत हवी आणि लघुउद्योगांना चालना देणं हा तिचा मुख्य उद्देश असायला हवा. हे काम ती किमान तीन वर्षं करत असली पाहिजे आणि त्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण केलेले हिशोब तिच्याकडे असले पाहिजेत. म्हणून तुमच्या गटाची अजून नोंदणीच झाली नसेल, तर जिल्ह्यात आधीपासून चालत असलेल्या उद्योजक संघटनेत सामील व्हा आणि तिच्यामार्फत प्रस्ताव पाठवा. नवी संघटना काढायचीच असेल तर जरूर काढा, मात्र तिचा उपयोग तीन वर्षांनी होईल हे धरून चाला. दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्या, इतिवृत्त लिहा आणि ऑडिट वेळेवर करून घ्या. चहापाण्यापुरती जमणारी संघटना कागदावर उभी राहत नाही.

आता सभासदांचे कागद. पहिला म्हणजे उद्यम नोंदणी, आपल्या उद्योगाची केंद्र सरकारकडची नोंद. ती ऑनलाइन होते आणि पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारा दलाल भेटला तर त्याला दुरूनच रामराम करा. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत : यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म उद्योग, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु, १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. रावेर-यावल-सावदा पट्ट्यातल्या मंडळींनी इथं जरा थांबावं. नुसती केळीची शेती उद्यम नोंदणीत बसत नाही. पॅकिंग, रायपनिंग (कच्ची केळी खोलीत ठेवून पिकवणं), वेफर्स, पावडर, खोडापासून धागा, हे बसतं. नोंदणी करताना कामाचा कोड तसाच निवडा, नाहीतर पुढं ‘तुमचा उद्योग कोणता?’ या प्रश्नावर फाईल परत येते.

दुसरा कागद आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी. शुल्क ५०० रुपये. कोड काढून लोक निश्चिंत होतात, पण दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो. काही बदल नसला तरी ‘बदल नाही’ असं नोंदवावं लागतं, नाहीतर कोड निष्क्रिय होतो. तिसरा कागद निर्यात प्रोत्साहन परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसीएमसी. केळी आणि डाळीसाठी अपेडा (शेतमाल निर्यातीचं केंद्रीय प्राधिकरण), प्लास्टिकच्या चटई-पाइपसाठी प्लेक्सकौन्सिल (प्लास्टिक निर्यात परिषद), मिरचीसाठी मसाले मंडळ.

कागद जोडण्याआधी पॅन, जीएसटी, उद्यम, आयईसी आणि बँक पासबुक टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. एकीकडे ‘ट्रेडर्स’, दुसरीकडे ‘ट्रेडिंग कंपनी’. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. कापड बाजारात हे कुणी विचारत नाही, दिल्लीत विचारतात. संघटनेची घटना मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडा. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे ताळेबंद, कार्यकारिणीचा ठराव, जाणाऱ्या उद्योजकांची यादी आणि खर्चाचा अंदाज द्या.

प्रस्ताव ऑनलाइन जातो, आणि तो प्रदर्शनाच्या कित्येक महिने आधी गेलेला बरा. आधी मंजुरी, मग तिकीट. म्हणून प्रदर्शनाचं वेळापत्रक वर्षभर आधी बघून ठेवा. बर्लिनचं ‘फ्रूट लॉजिस्टिका’ फेब्रुवारीच्या सुमारास भरतं. प्लास्टिकवाल्यांचं ड्युसेलडॉर्फचं ‘के’ प्रदर्शन दर तीन वर्षांनी असतं. २०२५ मध्ये झालं, आता २०२८. परतल्यावर बोर्डिंग पास, स्टॉलची पावती, फोटो आणि अहवाल लागतात. बोर्डिंग पास विमानातून उतरल्यावर फेकू नका, एवढं सगळ्यांना बजावून ठेवा.

पहिल्यांदाच निर्यात करणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी याच योजनेत २०२२ मध्ये वेगळा भाग आला. माझ्या मते आपल्या भागाला सर्वांत उपयोगाचा हाच. आरसीएमसीच्या शुल्कापोटी २० हजारांपर्यंत, निर्यात विम्याच्या हप्त्यापोटी १० हजारांपर्यंत आणि चाचणी व गुणवत्ता प्रमाणपत्रांच्या खर्चापोटी एक लाखापर्यंत रक्कम एका आर्थिक वर्षात परत मिळू शकते. मिरचीची खेप अ‍ॅफ्लाटॉक्सिन (बुरशीतून तयार होणारं विष) किंवा कीटकनाशकाच्या अंशावरून अडते. चाचणीचा खर्च वाचवायला जाणारा शेवटी कंटेनर गमावतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये तांदलवाडीची सुमारे २० टन मानांकित केळी दुबईला गेली. खरेदीदार नाव विचारतो तसा चाचणीचा अहवालही मागतो.

गटाला सामायिक प्रयोगशाळा, कलर सॉर्टर (रंगावरून माल निवडणारं यंत्र) किंवा पॅकिंग केंद्र उभारायचं असेल तर रस्ता वेगळा : सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रम. पाच ते दहा कोटींच्या सामायिक सुविधा केंद्राला केंद्राकडून ७० टक्के, दहा ते तीस कोटींच्या केंद्राला ६० टक्के अनुदान मिळतं. आकांक्षित जिल्ह्यांसाठी, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्रानं निवडलेल्या जिल्ह्यांसाठी, हेच प्रमाण ८० आणि ७० टक्के आहे, आणि नंदुरबार त्या यादीत आहे. नवापूर-नंदुरबारकडच्यांनी हा फरक सोडू नये. त्यासाठी उद्योजकांनी मिळून विशेष कंपनी, म्हणजे एसपीव्ही काढायची. कुणा एकाच्या हातात सगळे समभाग चालत नाहीत. एका घरातल्या पाच फर्म दाखवून काम होईल असं समजू नका. सुरुवात जिल्हा उद्योग केंद्रातून करायची. आधी समूहाचा अभ्यास अहवाल, मग सविस्तर प्रकल्प अहवाल, मग राज्य शासनामार्फत केंद्राकडे. वेळ लागतो, भरपूर लागतो.

माल विकण्यापलीकडे जाऊन परदेशी कंपनीबरोबर नवं तंत्र विकसित करायचं असेल, तर २०१० मध्ये स्थापन झालेलं भारत-जर्मनी विज्ञान तंत्रज्ञान केंद्र आहे. त्याच्या ‘दोन अधिक दोन’ कार्यक्रमात दोन्ही देशांतून एक उद्योग आणि एक संशोधन संस्था असे चार भागीदार लागतात. इथली संस्था शोधायला लांब जायला नको. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. ठरलेल्या विषयांवर वेळोवेळी प्रस्ताव मागवले जातात, त्यामुळे जर्मन भागीदाराशी बोलणी जाहिरात निघायच्या आधीच सुरू झालेली असावीत.