फांदी गेली, फूल राहिलं

जपानमधल्या एदो काळातला (1603–1868) एखादा भरजरी रेशमी किमोनो जवळून पाहिला, तर पुष्कळदा एक चमत्कारिक गोष्ट दिसते. भरतकामातली फुलं जागेवर, पानं जागेवर. पण काळ्या-तपकिरी धाग्याने भरलेली फांदी मधूनच गायब! मागे राहतात सुईची भोकं आणि भरण्याआधी कापडावर आखलेली शाईची रेघ. कसरीने खाल्लं म्हणावं, तर कसर काही रंग बघून खात नाही.

दोष त्या काळ्या रंगाचाच. टॅनिन (तुरट चव देणारं द्रव्य) असलेल्या साली-फळांचा काढा आणि लोहाचा क्षार एकत्र आले की तो तयार होतो. लोहामुळे रंग पक्का बसतो खरा, पण तेच लोह पुढे हवेतल्या ऑक्सिजनला हाताशी धरून रेशमाच्या प्रथिनाच्या, म्हणजे फायब्रॉइनच्या, लांब साखळ्या तोडत राहतं. धागा ठिसूळ होतो आणि शे-दोनशे वर्षांत झडून जातो.

शाबूत राहिलेल्या फुलांची चमक मात्र आजही बघत राहावी अशी असते. जपानी कारागीर पुष्कळदा पीळ न दिलेलं रेशीम वापरत. रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो. असे तंतू शेजारी शेजारी सरळ झोपले की प्रकाश एकाच दिशेला परततो. पीळ दिला की तो विखुरतो. त्यामुळे टाक्याची दिशा बदलली की एकाच रंगाच्या दोन पाकळ्या दोन छटांच्या भासतात. सोनेरी धाग्याची तऱ्हा वेगळी. आपल्या पैठणीच्या जरीत धातूची चपटी तार असते, तर इथे कागदावर उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने चिकटवलेला सोन्याचा वर्ख. त्याच्या बारीक पट्ट्या रेशमी दोऱ्यावर गुंडाळायच्या. असा धागा कापडातून ओढला तर सोलला जाणार, म्हणून तो वरच ठेवून बारीक टाक्यांनी टाचतात.

आणि लाल? तो चक्क करडईचा. आपण जिच्या बियांचं तेल काढतो, तीच करडई. जपानमध्ये यामागाता भागातली तिची फुलं नावाजलेली. पाकळ्यांत पिवळा रंग भरपूर, लाल अगदी थोडा. पिवळा पाण्यात धुऊन जातो. लाल साध्या पाण्याला दाद देत नाही. त्याला राखेचं अल्कधर्मी पाणी लागतं. मग त्यात आंबट अर्क घातला की तो रेशमावर बसतो. इतक्या खटाटोपामुळे हा लाल महाग. श्रीमंत व्यापाऱ्यांच्या बायकांचे कपडे डोळ्यांत भरू लागले, तेव्हा शोगुनशाहीने, म्हणजे तिथल्या लष्करी राजवटीने, 1683 मध्ये भरतकामावरही बंदी घातली.

एवढा मोलाचा रंग, पण उजेडापुढे अगदी नाजूक. म्हणून जुन्या किमोनोचा फिकट गुलाबी पाहून फसू नये. शिवण उसवलेली असेल तर दुमडीच्या आत डोकवावं. तिथे ऊन पोचलेलं नसतं, आणि लाल रंग अजून लालच असतो.