मॅगझिनातून पाव-दूध

रशियन माणूस मॅगझिनात जाऊन पाव-दूध घेऊन येतो. पोलिश हमाल मॅगझिनात माल उतरवतो आणि दमला की मॅगझिन चाळत बसतो. इंग्रज शिपाई मॅगझिन बंदुकीला लावतो. खुद्द फ्रेंचांकडे या शब्दाचे दोन अवतार आहेत: ‘मागाझँ’ म्हणजे दुकान आणि ‘मागाझीन’ म्हणजे मासिक-साप्ताहिक. एका फ्रेंच शब्दाची ही एवढी रूपं झाली कशी?

मुळात तो फ्रेंचांचाही नाही. अरबीतल्या ‘ख-झ-न’ या तीन व्यंजनांत साठवून ठेवण्याची कल्पना आहे. त्यातून ‘मख्झन’ म्हणजे कोठार, अनेकवचन ‘मखाझिन’. आपल्याकडे फारसीच्या वाटेने आलेला ‘खजिना’ याच कुळातला, तेव्हा मंडळाचा खजिनदार आणि मॅगझिनचा संपादक हे लांबचे भाऊबंद निघतात! भूमध्य समुद्रावरच्या व्यापारात इटालियनांनी हा शब्द उचलला, त्यांच्याकडून तो फ्रेंचांनी घेतला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांना अरबांचा शेजारच लाभला होता. त्यांनी तो परस्पर घेतला, तोही अरबी ‘अल्’ उपपदासकट. स्पॅनिश ‘अल्मासेन’ आणि पोर्तुगीज ‘आर्माझें’ त्यातूनच आले.

फ्रान्समध्ये ‘मागाझँ’ आधी कोठारच होतं. पण जिथे माल साठवायचा तिथूनच तो विकायचा, ही व्यापाऱ्याची सोय. कारागीर बसून विकायचा ती लहान जागा ‘बुटीक’, आणि भरपूर माल भरून ठेवलेली ती ‘मागाझँ’, असा भेद हळूहळू पडला. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ‘बों मार्शे’सारखी मजल्यांवर मजले असलेली दुकानं उभी राहिली, त्यांना ‘ग्राँ मागाझँ’ म्हणू लागले.

कोठाराचं दुकान होणं आपल्यालाही नवं नाही. वस्त्रभांडार, खादी भांडार या पाट्यांवरचं ‘भांडार’ आणि ‘जनरल स्टोअर्स’मधलं ‘स्टोअर’ हे दोन्ही शब्द त्याच वाटेने आले. मला सगळ्यात गंमत वाटते ती ‘बुटीक’ची. तो शब्द ग्रीक ‘अपोथेके’वरून आलाय, आणि ‘अपोथेके’ म्हणजे पुन्हा कोठारच! त्याच ग्रीक शब्दाचं जर्मनीत औषधांचं दुकान झालं (‘आपोटेके’) आणि स्पेनमध्ये वाइनचं तळघर (‘बोदेगा’). म्हणजे कोठाराचं दुकान व्हायचा खेळ युरोपात एकदा होऊन गेला होता. ‘मागाझँ’ने त्याचा दुसरा प्रयोग लावला.

इंग्लंडमध्ये मात्र दुकानाची जागा रिकामी नव्हती, तिथे ‘शॉप’ आधीच ठाण मांडून बसला होता. त्यामुळे ‘मॅगझिन’ कोठारापाशीच राहिला आणि त्यातही दारूगोळ्याच्या कोठाराला जास्त चिकटला. ११ मे १८५७ रोजी बंडवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी दिल्लीत जे उडवून दिलं ते हे मॅगझिन. त्याची पडकी दारं काश्मिरी गेटजवळ आजही दिसतात. मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्यात एक मॅगझिन स्ट्रीट आहे. दारूखाना म्हणजे दारूगोळ्याचं कोठार आणि मॅगझिन म्हणजेही तेच. आता तिथे लोखंडाचा बाजार भरतो. पुढे कोठार आक्रसत आक्रसत बंदुकीत शिरलं आणि काडतुसांच्या पेटीलाही मॅगझिन म्हणू लागले.

मासिकाचा अर्थ लंडनमध्ये जन्मला. माहितीने भरलेल्या पुस्तकाला ज्ञानाचं कोठार म्हणायची रीत इंग्रजीत होतीच. १७३१ साली एडवर्ड केव्ह नावाच्या मुद्रकाने ‘द जंटलमन्स मॅगझिन’ काढलं. इतर पत्रांत आलेला वेचक मजकूर महिन्याच्या महिन्याला साठवून द्यायचा, म्हणून हे नाव. ते इतकं रुळलं की त्यातलं कोठार कुणाला आठवेनासं झालं. ही कल्पना मग उलटी फ्रान्सला गेली. १८३३ साली पॅरिसमध्ये ‘मागाझँ पितोरेस्क’ हे सचित्र नियतकालिक निघालं, म्हणजे दुकान आणि मासिक काही काळ एकाच नावाने नांदले. पण तो घोळ टिकणारा नव्हता. शेवटी इंग्रजी थाटाचं ‘मागाझीन’ वाचायला आणि जुनं ‘मागाझँ’ खरेदीला, अशी वाटणी झाली.

रशियातही सुरुवातीला धान्याच्या सरकारी कोठारांना ‘मागाझिन’ म्हणत. पण अठराव्या शतकात उमरावांना फ्रेंच मालाचं वेड लागलं. मॉस्कोच्या कुझनेत्स्की मोस्त रस्त्यावर फ्रेंच व्यापाऱ्यांची चकचकीत दुकानं थाटली गेली. त्यांना ‘लाव्का’ हा गावठी शब्द कसा शोभणार? लाव्का म्हणजे आपली टपरी. (किराणा दुकानाच्या पाटीवर ‘सुपर मार्ट’ लिहिणाऱ्यांनी हसू नये.) पुढे तो तोरा उतरला आणि कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकानही मागाझिन झालं.

मग रशियन लोक मासिकाला काय म्हणतात? ‘झुर्नाल’. हाही फ्रेंचच. ‘झूर’ म्हणजे दिवस, त्यावरून ‘झूर्नाल’, म्हणजे फ्रान्समध्ये रोजचं वर्तमानपत्र. तो इंग्रजीत ‘जर्नल’ झाला आणि तीन-तीन महिन्यांनी निघू लागला. मॉस्कोत मॅगझिन वाचायचं असेल तर मॅगझिनात जाऊन झुर्नाल मागावं लागतं.