ब्रिटनमध्ये फोटोग्राफी शिकायला जाताना: पात्रता, कागदपत्रे आणि एक मोठी अडचण

‘तिकडे गेल्यावर लग्नाच्या ऑर्डरी घेऊन खर्च भागवू’ असा हिशेब असेल, तर तो आधीच बाजूला ठेवा. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते, पण कुणाच्या तरी नोकरीत राहून. कॅमेऱ्याच्या दुकानात किंवा कॅफेत पगारावर चालते. स्वतःचे बिल फाडून केलेले शूट चालत नाही, मग ते ओळखीतल्या मराठी कुटुंबाचे बारसे का असेना.

प्रवेशात खरी कसोटी पोर्टफोलिओची. सुटे पन्नास चांगले फोटो देण्यापेक्षा एका विषयावर सलग केलेले काम पाठवावे, असे माझे मत. पदवीसाठी अर्ज यूकास या ब्रिटनच्या केंद्रीय प्रवेश संस्थेमार्फत जातो, एमएसाठी बहुधा थेट विद्यापीठाकडे. लंडन कॉलेज ऑफ कम्युनिकेशन, वेस्टमिन्स्टर विद्यापीठ, रॉयल कॉलेज ऑफ आर्ट ही नावे या क्षेत्रात नेहमी निघतात. सरकारी शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर जागतिक क्रमवारीची अट आधी वाचा; केवळ कला शिकवणाऱ्या संस्था क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीच्या सर्वसाधारण यादीत नसतात.

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठ व्हिसा अर्जासाठी प्रवेशाची खात्री देणारा ‘कॅस’ क्रमांक देते. त्यासोबत पासपोर्ट, इंग्रजीचा पुरावा, क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र आणि पैशांचा पुरावा लागतो. उरलेली फी, शिवाय नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च: नोव्हेंबर २०२५पासून लंडनसाठी महिना १,५२९ पौंड, बाहेर १,१७१. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी. मधे एक दिवस जरी कमी पडली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. खाते आईवडिलांचे असेल तर जन्मदाखला आणि त्यांचे संमतीपत्र जोडा. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे शुल्क, वर्षाला ७७६ पौंड, तो अर्जासोबतच भरायचा. बोटांचे ठसे मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात देता येतात.

निघताना कॅमेरा आणि लेन्स विमानतळावर कस्टम्सला दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना शुल्काचा वाद होत नाही.

फ्रीलान्सची मुभा मिळते ती शिक्षण संपल्यावर, ग्रॅज्युएट व्हिसावर. पदवी आणि एमएनंतर तो दोन वर्षांचा असतो. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळतील. यंदा एक वर्षाच्या एमएला निघणाऱ्याने तारखांचे हे गणित मांडूनच कोर्स निवडावा.