एकच बफ, अनेक धातू: कुठे चालते, कुठे नाही

चांदीला बफ (पॉलिश करायचे कापडाचे फिरते चाक) लावला आणि लकाकी येण्याऐवजी चरे उमटले, ही तक्रार घेऊन ग्राहक येतात तेव्हा आम्ही आधी एकच विचारतो: याच चाकावर पूर्वी काय घासले होते? उत्तर बहुधा लोखंड किंवा पोलाद असे मिळते. मग चाकात काही दोष नसतो.

कापडाचे चाक स्वतः फारसे काही घासत नाही. घासते ते त्यावर चढवलेले पॉलिश. पॉलिशच्या वडीत मेणचट पदार्थात कालवलेली बारीक कठीण पूड असते. तपकिरी ट्रिपोलीत सिलिका, हिरव्या वडीत क्रोमियम ऑक्साइड, तर लाल रूजमध्ये लोहाचे ऑक्साइड. ट्रिपोली पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियमवरचे बारीक चरे काढते, हिरवी वडी स्टेनलेसला शेवटची झळाळी देते आणि रूज सोन्याचांदीसाठी. (रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे वेष्टनावरचा मजकूर वाचूनच वडी निवडा.) ट्रिपोलीच्या चाकावर रूज चढवले तर ते रूजचे चाक होत नाही. जाड कण कापडात तसेच राहतात आणि चरे पाडत राहतात. म्हणून पहिला नियम पॉलिशचा: एका चाकावर एकच वडी, कायमची.

धातूचा नियम त्यानंतर येतो, आणि तो थोडा सैल आहे. पितळ, तांबे आणि कांसे एकाच ट्रिपोलीच्या चाकावर खुशाल घासा. घरगुती कामात फरक कळणार नाही. चांदीला मात्र वेगळे चाक द्या. स्टेनलेसलाही स्वतःचे हवे, कारण साध्या लोखंडाचे कण त्यावर बसले की दमट हवेत तांबूस ठिपके दिसू लागतात. लोकांना वाटते स्टेनलेस गंजले. गंजलेले असतात ते वर चिकटलेले लोखंडाचे कण. पोलादाला एकदा लागलेले चाक पोलादाचेच झाले, ते मऊ धातूकडे परत नेऊ नका. दुकानदार जास्त चाके खपवायलाच असे सांगणार, असे वाटणे साहजिक आहे. पण हौशी कामाला तीन-चार चाके पुरतात. धातूगणिक एक घेण्याची गरज नाही.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र आम्ही अजिबात सूट देत नाही. इथे प्रश्न चमकेचा नसून आगीचा आहे. ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा गंज यांच्या मिश्रणाने पेट घेतला तर इतकी उष्णता निघते की तिच्यावर रेल्वेचे रूळ सांधले जातात. घरच्या बेंच ग्राइंडरला एका टोकाला दगड आणि दुसऱ्या टोकाला बफ असतो. दगडावर पोलाद धरले की ठिणग्या उडतात, आणि दोन्ही टोकांची धूळ एकाच पाइपातून एकाच पिशवीत जात असेल तर धोका तिथेच आहे. ॲल्युमिनियमचे काम करण्याआधी यंत्र, झाकण आणि पिशवी साफ करा, काम झाल्यावर पुन्हा करा. साठलेली धूळ ओली करून डब्यात बंद करू नका, पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होतो. ती पेटली तर पाणी टाकू नका, कोरडी वाळू पसरा. मॅग्नेशियम घरी घासूच नये, असे आमचे मत आहे.

चाक कडक आणि काळे पडले की ते फिरत असताना दाताळ्याने हलकेच खरवडा. त्याने जुने, घट्ट झालेले पॉलिश निघते. आत रुतलेले धातूचे कण मात्र पूर्ण निघत नाहीत, म्हणून खरवडलेले चाक नव्या धातूसाठी वापरू नका. एका वडीवरून दुसऱ्या वडीकडे जाताना जॉब (घासायची वस्तू) कोमट साबणपाण्याने धुऊन, पुसून कोरडा करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग स्वच्छ चाकही पहिल्याच जॉबला बिघडते.

जॉब चाकाच्या मध्यरेषेच्या खाली धरा आणि त्याची धार चाक फिरते त्या दिशेला ठेवा, नाहीतर चाक तो हिसकावून घेते. साखळी हातात धरून कधीच बफ करू नका. चश्मा आणि धुळीचा मास्क हवाच, विशेषतः ट्रिपोलीतल्या सिलिकामुळे. हातमोजे नकोत.

चाके वेगवेगळ्या बंद पिशव्यांत ठेवा. पिशवीवर वडीचे आणि धातूचे नाव लिहा, आणि चाकाच्या बाजूवरही पक्क्या शाईने लिहा, कारण पिशव्यांची अदलाबदल होते.